बदलीचा शुक्रवार

सुरक्षा म्हटलं की मला आमच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन आठवतो. संध्याकाळी सुटताना तो बायकांचे डबे उघडून बघायचा. पितळेचे व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी, तेव्हा डब्यातून पितळ जाईल ही भीती. माझ्या डब्यात उरलेली अर्धी पोळी आणि लिंबाच्या लोणच्याची फोड, ती तो रोज इमानेइतबारे बघायचा. त्याच गेटमधून कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या यायच्या आणि जायच्या. कुणाच्या शर्टाच्या खिशात, कुणाच्या वहीत घातलेल्या. त्यांच्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. त्याची तरी काय चूक म्हणा, त्याला पितळ बघायला सांगितलेलं.

मी वागळे इस्टेटमध्ये नोकरी केली आणि डोंबिवलीत संसार. कंपनीची बस होती. शीळफाटा आला की माझी मान पडायची, ती ठाणं आल्यावर वर व्हायची. परत येतानाही तेच. माझ्या आयुष्यातली बरीचशी झोप त्या बसच्या खिडकीच्या गजाला टेकून झालेली आहे.

आमची आठवड्याची सुट्टी रविवारी नसायची, शुक्रवारी असायची. आमच्या भागातल्या कारखान्यांना विजेसाठी वार लावून दिलेला. त्या दिवशी मशीन चालवायच्या नाहीत, म्हणजे बाकीच्यांना वीज पुरते. नवऱ्याची बँक रविवारी बंद, मुलांची शाळा रविवारी बंद, आणि मी रविवारी सकाळी डबा भरून बसस्टॉपवर. शुक्रवारी मी घरात एकटी. लोक म्हणायचे, मजा आहे तुमची. कसली डोंबलाची मजा. गाद्या उन्हात घाला, डबे घासा, दळण आणा आणि कुणी बोलायलासुद्धा नाही. त्या शुक्रवारचा मला इतका कंटाळा होता, आणि तोच शुक्रवार आम्हाला इतकी वर्षं सांभाळत होता, हे मला फार उशिरा कळलं.

ऐंशीचं दशक संपता संपता कंपनीत कॉम्प्युटर आला. आधी एक, मग चार. त्यांच्यासाठी काचेची केबिन केली, एसी बसवला. चपला बाहेर काढून आत जायचं. साहेबांकडचे पाहुणे आले की त्यांना काचेतून दाखवायचे, तेही हात जोडायच्या बेतात असायचे. मी मूळची अकाउंट्समधली. संध्याकाळचा एक क्लास केलेला, तेवढ्यावर मला त्या केबिनची इन्चार्ज केली. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

धूळ जाऊ नये म्हणून आम्ही चपला काढत होतो, पण फ्लॉपी कुठून आली हे कुणी विचारत नव्हतं. सर्व्हिसला येणारा इंजिनिअर इस्टेटभर फिरायचा. सकाळी एका कंपनीत, दुपारी दुसरीत, आणि त्याच्या बॅगेत तपासणीची एकच फ्लॉपी. एकाच सुईने अख्ख्या गल्लीला इंजेक्शन देणारा डॉक्टर असतो ना, तसं ते होतं. ऑडिटवाले आपली फ्लॉपी आणायचे. साहेबांचा मुलगा सुट्टीत गेम खेळायला यायचा, तो आपली आणायचा. सगळ्यांचं स्वागत.

मशीन हळूहळू जड होत गेल्या. सकाळी लावल्यावर बऱ्या चालायच्या, अर्ध्या तासाने रेंगाळायला लागायच्या. आम्ही एसीला दोष दिला. एसीवाला येऊन गॅस भरून गेला, तरी तेच. मग त्याचीही सवय झाली. बटण दाबायचं आणि चहाला जायचं. खरं सांगायचं तर त्या रेंगाळण्याचा कुणाला राग नव्हता.

अशात ती आली. ठाण्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, विशीतली. आई जांभळी नाक्याच्या बाजूला मासे विकायची. वडिलांची होडी होती, पण खाडीत मासळीच उरली नव्हती, तेव्हा होडी नावापुरती. हिने बी.कॉम. केलं, नौपाड्यात कॉम्प्युटरचा क्लास केला आणि आमच्याकडे ऑपरेटर म्हणून लागली. सहा महिने तात्पुरती, मग काम बघून कायम. मार्च संपला की तिचे सहा महिने भरत होते.

तिचा आवाज म्हणजे आवाज होता. बारीक बोलणं तिला जमायचंच नाही. फोनवर बोलली तर पलीकडच्याला फोनची गरज पडू नये. ऑफिसातली माणसं चिडवायची, अगं, हा काय बाजार आहे का. ती म्हणायची, बाजारच बरा, तिथे निदान ऐकू तरी येतं. मला तिचं ते आवडायचं. शिवाय ती मला सोडे आणून द्यायची, आईने घरी सोलून वाळवलेली कोळंबी. आमच्या घरी सोड्यांची खिचडी म्हणजे जीव की प्राण. वॉचमन ती पुडी उघडायचा आणि नाक दाबून लगेच बंद करायचा. तेवढा एकच दिवस तो तपासणीला कंटाळायचा.

तिला कायम व्हायचं होतं ते नुसतं पगारासाठी नाही. कायम झालेल्यांना कंपनी प्रोग्रामिंगच्या कोर्सला पाठवायची. तिला दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आकडे भरत बसायचं नव्हतं, स्वतः प्रोग्राम लिहायचा होता. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडून पुस्तक घेऊन बसायची आणि एका हाताने भाकरी मोडत वाचायची. तेलाचे डाग पडायचे, मी ओरडायचे. पत्र कधी निघेल हो मॅडम, हे तिने मला मार्चच्या पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा विचारलं की मी म्हटलं, अगं, माझ्या हातात असतं तर आजच लिहून दिलं असतं.

त्या वर्षी शिमगा आला बुधवारी, धुळवड गुरुवारी. कंपनीतले निम्मे कामगार रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. गणपती आणि शिमगा ह्या दोन गोष्टींना त्यांना कुणी अडवू शकत नाही. युनियनने मागणी केली की होळीची सुट्टी द्या, धुळवड आहेच, शुक्रवार आपला हक्काचा, म्हणजे सलग तीन दिवस गावाला मिळतील. साहेब म्हणाले, द्यायला हरकत नाही, पण भरपाई करा, आधीच्या शुक्रवारी कामावर या. वीजवाल्यांची परवानगी काढली, जनरेटरचं डिझेल भरलं. सगळे खूश. आमची ती सगळ्यांत खूश, कारण कोळीवाड्यातली होळी म्हणजे काय ते तिने मला आठवडाभर ऐकवलेलं.

असा तो बदलीचा शुक्रवार. मी कुरकुरतच गेले. गाद्या उन्हात घालायच्या राहिल्या म्हणून कुरकुर, आणि घातल्या असत्या तरीही केलीच असती.

केबिनमध्ये आम्ही चौघं. मी, ती, डिस्पॅचचा एक माणूस, आणि आमचे अकाउंट्सचे जुने अधिकारी. ह्या गृहस्थांना आम्ही काका म्हणायचो. निवृत्तीला टेकलेले, सदाशिव पेठी मराठी बोलणारे, कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नसलेले. मशीनवर टाकलेली प्रत्येक गोष्ट ते हातानेही लिहून ठेवायचे. त्यांना ते काम दुप्पट पडायचं, पण ऐकतील तर काका कसले.

तिने मशीन लावली आणि स्टोअर्सचा प्रोग्राम सुरू करायला गेली. मशीन म्हणाली, असं काही माझ्याकडे नाहीच. तिने परत टाइप केलं. परत तेच. तिला वाटलं स्पेलिंग चुकलं. मग तिने बिलांचा प्रोग्राम लावून बघितला. तो क्षणभर चालला आणि बंद पडला. पुन्हा लावला, तर तोही नाही. तिने मशीनमधल्या प्रोग्रामांची यादी काढून बघितली, दोन्ही नावं गायब, आणि ती ताडकन उठली.

"कुणी काही चालवू नका. जे चालवतोय ते पुसलं जातंय."

तो आवाज बाहेर मशीन शॉपपर्यंत गेला असणार. डिस्पॅचच्या माणसाचं बोट बटणावरच राहिलं. मी उठेपर्यंत ती दाराशी पोचली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. चारही पडदे काळे. एसीसुद्धा बंद. काका म्हणाले, ही काय पद्धत झाली. आणि दहा मिनिटांनी, आमचं बोलणं चालू असताना, माझ्या मशीनला काही धाड भरलेली नाही म्हणत त्यांनी स्विच वर केला, आपली मशीन लावली, अकाउंट्सचा प्रोग्राम चालवला आणि घालवला.

वाचलं काय, तर डिस्पॅचचा नवा प्रोग्राम वाचला. तो त्याच आठवड्यात बसवलेला आणि त्याची कॉपी काढायची राहिली होती. तो गेला असता तर परत लिहून घ्यावा लागला असता. म्हणजे महिनाभर मालाच्या गाड्या कशावर सोडायच्या होत्या, देव जाणे. तिने ओरडून जे वाचवलं ते एवढं होतं.

बाकीचं परत आणायला आमच्याकडे बॅकअप होते. लोखंडी कपाटात, कुलपात, प्लास्टिकच्या पिशवीत. मला त्या कपाटाचा अभिमान होता. फ्लॉपी काढली, प्रोग्राम मशीनवर चढवला, चालवला. गेला. दुसरी फ्लॉपी, जरा जुनी. चढवला, चालवला, गेला. घराला आग लागली म्हणून विहिरीवर धावावं आणि विहिरीत रॉकेल निघावं, तशी गत.

गेटवर गाड्या उभ्या राहायला लागल्या. शेवटी काकांच्या हातच्या नोंदी काढल्या आणि चलनं हाताने लिहायला बसवली. त्यासाठी मी काकांना आजही मानते. म्हातारा हट्टी होता म्हणून त्या दिवशी माल बाहेर पडला.

माझ्याबरोबर क्लासला एक जण होता, तो पुढे फोर्टमधल्या एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर लागलेला. मी त्याला फोन लावला. लागेपर्यंत बोट दुखलं. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आज शुक्रवार आणि तेरा तारीख. तुम्हाला शुक्रवारी सुट्टी असते ना? मग तू आज ऑफिसात काय करतेयस?"

मला वाटलं हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. त्याने समजावून सांगितलं की एक व्हायरस आहे, तो फ्लॉपीवरून मशीनमध्ये शिरतो, प्रत्येक प्रोग्रामला चिकटतो, मशीन जरा जड करतो आणि गुपचूप पडून राहतो. तेरा तारखेला शुक्रवार आला की उठतो आणि त्या दिवशी जो प्रोग्राम चालवाल तो पुसून टाकतो. बाकी ऑफिसांना तो केव्हाच चावून गेलेला, त्यांनी औषध आणलेलं. आम्हाला तो चावलाच नव्हता, कारण शुक्रवारी आमच्याकडे कुणी मशीन लावतच नव्हतं. वर्षानुवर्षं तो आमच्यात राहत होता, आमच्या कपाटात, आमच्या कुलपात, आणि आम्ही एसीचा गॅस भरत होतो.

त्याने सांगितलं तशी मी मशीनची तारीख मागे नेली. गुरुवार केला. प्रोग्राम चढवले, चालले. शनिवारी त्याचं औषध आलं, चारही मशीन साफ केल्या, कपाटातल्या फ्लॉप्या एकेक करून तपासल्या. ती माझ्याशेजारी बसून फ्लॉप्या देत होती. जवळजवळ सगळ्यांत तो निघाला. ती नोकरीला लागायच्या खूप आधीच्या, माझ्याच अक्षरात लेबल लावलेल्या फ्लॉप्यांतही निघाला. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतला. म्हटलं, चला, निदान हे कुणा एकावर येणार नाही. किती खुळी होते मी.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे फॅक्टरी मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. काका आधीच तिथे बसलेले. काकांनी हिशेब मांडला. इतकी वर्षं कॉम्प्युटर आहेत, कधी काही झालं नाही. ही मुलगी आली आणि सहा महिन्यांत हे झालं. पहिलं तिच्याच मशीनवर झालं. बाहेर क्लासला जात होती, तिकडच्या फ्लॉप्या हिच्याकडे असणारच. आणि झाल्या झाल्या तिला कसं कळलं की सगळंच पुसलं जाणार म्हणून?

मी म्हटलं, कळलं कारण तिने बघितलं. दोन प्रोग्राम गेले, तिसऱ्याला हात लावायच्या आधी ती थांबली. तुम्ही थांबला नाहीत. काका माझ्याकडे असे बघायला लागले की बास. मग मी शुक्रवारचं सगळं सांगितलं, जुन्या फ्लॉप्यांचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. त्यांना पटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पटल्यानंतर ते म्हणाले की हेड ऑफिसमधून दोनदा फोन येऊन गेला, आणलं कुणी, एवढंच विचारतात. त्यांना मी काय सांगू, वाराचा दोष आहे म्हणून?

मी म्हटलं, केबिन माझ्या ताब्यात आहे, माझं नाव सांगा. ते म्हणाले, बाई, तुम्ही कायम आहात. तुमचं नाव दिलं तर चौकशी बसवावी लागेल, मग इंजिनिअर आला, ऑडिटवाले आले, सगळं निघेल. त्यांचा स्वतःचा मुलगा निघेल, हे ते बोलले नाहीत. तिच्या बाबतीत काहीच करायचं नव्हतं. आरोप नाही, शिक्षा नाही. सहा महिने संपतात आणि पत्र निघत नाही, इतकंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फाशीसुद्धा दिसणार नव्हती.

मी भांडले. मला भांडता येतं, घरच्यांना विचारा. दोनदा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले, एकदा युनियनच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, तात्पुरत्यांचं आमच्याकडे येत नाही. आणि गावाला जायची गडबड होती त्याची, शिमग्याच्या.

होळी झाली, धुळवड झाली. शिमगा गेला आणि कवित्व राहिलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत झालेलं, तिलाही. ती रंगाचे डाग कानामागे घेऊन आली आणि नेहमीसारखी कामाला बसली. आवाज मात्र खाली आलेला. इतके महिने लोकांनी तिला हळू बोल म्हणून सांगितलं, तेव्हा जमलं नाही, आता जमलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला विचारलं. पुस्तक उघडलेलं नव्हतं, भाकरी तशीच.

"मॅडम, मी गप्प बसले असते तर? सगळ्यांचंच गेलं असतं. मग माझं एकटीचं नाव कशाला आलं असतं?"

तिचा हिशेब बरोबर होता. हात दाखवून अवलक्षण, एवढाच अर्थ निघत होता त्यातून, आणि मला तो तिच्या तोंडून ऐकवत नव्हता. मी म्हटलं, जेव तू. तिने डबा बंद केला.

मार्च संपला. पत्र निघालं नाही. शेवटच्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले. वॉचमनने तिचाही डबा उघडला, माझाही उघडला. सवयीने. तिने माझ्यासाठी सोड्यांची पुडी आणलेली, ती सकाळीच माझ्या टेबलावर ठेवलेली होती. मी म्हटलं, "तू ओरडलीस ते बरं केलंस."

"मग ठेवा ना मला," ती म्हणाली.

ती चिडून म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाली, एखादा मार्ग राहिला असेल आणि मला सुचला नसेल, असं. मग तिची बस आली. मी आमच्या बसमध्ये बसले. त्या दिवशी शीळफाटा येऊन गेला तरी माझी मान पडली नाही.

पुढे वरातीमागून घोडी पुष्कळ आली. फ्लॉपीच्या खाचेला कुलूप बसलं. दारावर सूचना लागली की बाहेरची फ्लॉपी आणू नये. साहेबांच्या सहीने फर्मान निघालं की यापुढे शुक्रवारची भरपाई कितीही करा, तेरा तारखेला केबिन उघडायची नाही. रोगाला औषध नाही, पण मुहूर्त बघून आजारी पडा, असला प्रकार. काका निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला मी समोसा खाल्ला आणि चांगले दोन शब्द बोलले, कारण चलनं त्यांच्याच हातच्या नोंदींवरून सुटली होती, हेही खरंच होतं. माणसं अशीच असतात, एका बाजूने तरी उपयोगी.

नव्वदीच्या मध्याला केबिन गेली. प्रत्येक खात्यात कॉम्प्युटर आले, एकमेकांना वायरीने जोडलेले. माझ्या टेबलावरही एक होता, पण मी आता नुसती फिरायचे. दर सोमवारी सगळ्या खात्यांत जाऊन ऑपरेटर मुलींना विचारायचे, काही वेगळं दिसलं का, मशीन विचित्र वागली का. सगळ्या म्हणायच्या, नाही मॅडम, सगळं ठीक. मला बरं वाटायचं. वाटायला नको होतं. कधीच कुणाचं काही बिघडत नाही, असं ऑफिस जगात नसतं.

बॅकअपची पद्धत मी सुधारलेली. प्रत्येक वाराची एक टेप. सोमवारची सोमवारी, मंगळवारची मंगळवारी, वार फिरून आला की त्याच टेपवर पुन्हा. म्हणजे बिघाड झाला तरी आदल्या दिवसाची चांगली प्रत हातात. एका शनिवारी स्टोअर्सचा आकडा आणि गोडाऊनमधला माल जुळेना. नुसता चुकलेला नाही, वेडावाकडा. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून गुरुवारची टेप लावली, तिच्यातही तसाच. तिच्या आधीची, तिच्याही आधीची, तेच. सगळ्या टेपांवर खराब माल चढलेला. कुठला तरी नवा व्हायरस आठवडाभर शांतपणे आकडे बदलत होता, आणि आम्ही रोज संध्याकाळी ते बदललेले आकडे चांगल्या आकड्यांवर मोठ्या शिस्तीने चढवत होतो. पहिल्या दिवशी कळलं असतं तर एक टेप लावून तासाभरात मोकळे झालो असतो.

आणि आता हाताने लिहून ठेवणारे काका नव्हते. गोडाऊन उघडून एकेक व्हॉल्व्ह हाताने मोजावा लागला. महिना गेला त्यात.

शोधत शोधत मी स्टोअर्सच्या ऑपरेटर मुलीपर्यंत पोचले. कल्याणहून यायची, मोहन्याच्या बाजूची, नवीनच लागलेली, तात्पुरती. तिला मी बाजूला घेऊन विचारलं. आधी नाही म्हणाली. मग रडायला लागली. तिला पहिल्याच दिवशी दिसलेलं. पडद्यावर आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हं येत होती. तिने पडद्याचा उजेड कमी करून ठेवला, म्हणजे मागून जाणाऱ्याला दिसू नये. आणि आठवडाभर तशीच काम करत राहिली. मी सोमवारी आले, विचारून गेले, तेव्हाही ती त्या अंधाऱ्या पडद्यासमोर बसून सगळं ठीक म्हणाली होती.

मी म्हटलं, अगं, मी काय तुला खाल्लं असतं का? सांगितलं का नाहीस?

"मॅडम, ती आधीची होती ना, जिने सांगितलं," ती म्हणाली. "तिचं काय झालं ते मला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगितलंय."

ह्या मुलीने तिला कधी पाहिलंही नव्हतं. नाव माहीत नव्हतं. चार वर्षं होऊन गेलेली, साहेब बदललेले, काका गेलेले, केबिनची काचसुद्धा राहिली नव्हती. पण ही एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्या दिवशी, पाणी कुठे मिळतं आणि बाथरूम कुठे आहे ह्याच्याबरोबर सांगितली जात होती. आम्ही सूचना लावल्या, कुलपं लावली, टेपा फिरवल्या. लोक शिकले ते मात्र हे. मला इतका थकवा आला की मी तिथेच स्टोअर्सच्या खोक्यावर बसले.

नवे साहेब तरुण होते, इंग्रजी जास्त बोलायचे. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, स्टोअर्स, डिस्पॅच, अकाउंट्स. ती मुलगी दाराजवळ उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. साहेबांनी बाकीचं सगळं ऐकलं आणि मग विचारलं जे मला माहीतच होतं की ते विचारणार. पहिलं कुणाच्या मशीनवर दिसलं?

"माझ्या," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझ्या मशीनवर दिसलं, मला वाटलं आपोआप जाईल, म्हणून बोलले नाही. धडधडीत खोटं. आयुष्यात मी इतकं सहज खोटं कधी बोलले नसेन. साहेब म्हणाले की इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, बरोबर आहे. मला लेखी ताकीद मिळाली. कायम माणसाला चौकशी बसवल्याशिवाय त्याहून जास्त काही करता येत नाही, हे मला मागेच जुन्या साहेबांनी समजावलं होतं. नवऱ्याला घरी सांगितलं तर तो म्हणाला, तुला काय गरज होती? मी म्हटलं, गरज मला नव्हती.

दिवाळीनंतर कधीतरी, मंगळवार असेल, ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. चेहरा पांढरा. म्हणाली, मॅडम, माझी मशीन काहीतरी करतेय, एकच अक्षर सारखं उमटतंय, मी काही केलेलं नाही, हातही लावलेला नाही. मी चष्मा घेतला आणि तिच्याबरोबर गेले. पडद्यावर खरंच एका अक्षराची रांग चाललेली. मी कीबोर्ड उलटा केला, टाचणी मागितली. बटणाखाली चिवड्यातल्या शेंगदाण्याचा तुकडा अडकलेला होता. तो काढला. अक्षरं थांबली.

ती ओशाळली. म्हणाली, सॉरी मॅडम, उगाच तुम्हाला उठवलं. मी म्हटलं, बरं केलंस सांगितलंस.

ती हसली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मार्चमध्ये तिचे सहा महिने भरले आणि पत्र निघालं.